बरडावरचे साग

फुलं आली म्हणून सुतक धरणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. आर्णीकडे त्यांचं शेत आहे. भावाशी वाटणी झाली तेव्हा नाल्याकाठची गाळाची जमीन मामांना मिळत होती, आणि मामी तीच घ्या म्हणून जीव तोडून सांगत होत्या. मामांनी टेकाडावरचा खडकाळ बरड मागून घेतला. म्हणे, जंगलातला साग तरी कुठं गाळ शोधत बसतो. मग दोघा भावांनी एकाच नर्सरीतून सागाची रोपं आणली. भावाने ती लावली आणि विसरून गेला. मामांनी लावली आणि जन्माचं दुखणं ओढवून घेतलं. भावाचे साग आता विजेच्या तारांच्या वर गेलेत. मामांचे बघायला मान वर करावी लागत नाही.

हे साग का वाढत नाहीत, ते मामा आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगतात. वीतभर मातीखाली मुरूम, त्यामुळे मुळं खाली जाऊन डोकं आपटून परत येतात. मे महिन्यात शेंडा करपतो, मग झाड बाजूने फुटतं. पाऊस पडतो तो थेट उताराने भावाकडे. ‘‘माह्या वाटचं पाणी बी तोच पेऊन राह्यला,’’ असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापतो. एकदा त्यांनी बैलगाडीने नाल्यातला गाळ वर आणून प्रत्येक बुडाशी घातला. आठवड्यातच जोराची सर आली आणि तिने तो इमानदारीने परत नाल्यात नेऊन ठेवला. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

पण खरा वैरी फुलोरा. सागाच्या शेंड्यावर फुलोरा आला की सरळ वाढ खुंटते आणि तिथून फांद्या फाकतात. कसदार जमिनीत हे उशिरा होतं, रोडक्या जमिनीतलं झाड मात्र लवकरच फुलून बसतं. म्हणून पावसाळाभर मामा बांबूची आकडी घेऊन कळे मोडत हिंडतात. मी नवा जावई असताना ‘झाड काय छान फुललंय’ म्हणालो, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला. मामी दर वर्षी ऐकवायच्या, की माझं ऐकलं असतं तर आज सावलीत बसलो असतो. मामा म्हणायचे, एक तरी सरळ वर नेऊन दाखवतो. एकेक झाड हातचं जात गेलं. शेवटी एकच सरळ उरलं.

यंदा तेही फुललं. आम्ही तिथेच होतो. खांदा धरल्यामुळे मामांची आकडी शेंड्यापर्यंत पोचेना. मामी मागून आल्या, तेव्हा आता बोलणी बसणार म्हणून मी दुसरीकडे पाहू लागलो.

‘‘राहू द्या जी,’’ मामी म्हणाल्या. ‘‘एवढ्या गोट्यात आणखी किती वाढन ते?’’

मामांनी आकडी खाली ठेवली. ‘‘मले फक्त तुले दाखवाचं होतं,’’ ते म्हणाले.

मामी तिथेच बसून त्यांचा खांदा चोळत राहिल्या. त्यानंतर मामींनी वाटणीचा विषय काढलेला नाही. मामा मधूनच त्यांच्याकडे बघतात, त्या काहीतरी बोलतील म्हणून. त्या बोलत नाहीत, आणि मामा उठून आत जातात.