कठड्यावरचं कोपर

निर्मलाबाई गेल्याचं त्यांच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पल्लवी विदर्भातून, दारव्ह्याहून बोलत होती. भाच्याच्या साखरपुड्यासाठी म्हणून निर्मलाबाई गावी गेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. पल्लवी आणि तिचा नवरा नितीन तातडीनं तिकडे पोहोचले, सगळं उरकलं, आणि मग तिला माझी आठवण झाली. "ताई, तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं," ती म्हणाली. मी "बरं केलंस" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. मग गॅलरीत गेले. समोरची गॅलरी रिकामी होती. पण त्या गावी गेल्यापासून ती रिकामीच होती, त्यामुळे आता तिच्याकडे वेगळं कसं बघायचं ते मला कळेना...

आमची ओळख गॅलरीतली. सदाशिव पेठेत आमच्या दोन इमारतींमध्ये एक बोळ आहे, इतका अरुंद की समोरच्या घरातली फोडणी कसली ते इकडे कळतं. मी इकडे दुसऱ्या मजल्यावर, एकटी. लग्न केलं नाही, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आई होती तोवर आईबरोबर राहिले आणि आता आपली आपण. निर्मलाबाई समोरच्या इमारतीत, दुसऱ्याच मजल्यावर. यजमान गेल्यावर नितीननं त्यांना दारव्ह्याचं घर बंद करून इथे आणलं. तो कंप्युटर कंपनीत, सून क्लासमध्ये शिकवणारी. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात या आणि फ्रीज. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी बोळापलीकडून मला विचारलं, "काय भाजी केली, ताई?" ओळख ना पाळख. मी म्हटलं, "का, पाठवून देऊ का तुम्हाला?" आमच्याकडे या उत्तरावर माणूस पुढचं वर्षभर बोलत नाही. निर्मलाबाई म्हणाल्या, "हाव, पाठवा ना. मीई पाठवते." आणि खरंच दहा मिनिटांत वॉचमनच्या हाती डबा आला, त्यात तुरीच्या दाण्यांची झणझणीत आमटी. मला मुकाट्यानं माझी दुधीची भाजी पाठवावी लागली. तिरकस बोलणं त्यांना कळतच नसे. जे बोललं ते तसंच घ्यायचं, एवढं सरळ त्यांचं काम होतं.

त्यानंतर रोजच्या गप्पा सुरू झाल्या. त्यांची उभं राहायची जागा ठरलेली होती. गॅलरीच्या डाव्या टोकाला, जिथे पाण्याचा पाइप खाली उतरतो, तिथे अंग जरा तिरपं करून, उजवं कोपर कठड्यावर रोवून त्या उभ्या असायच्या. सकाळी मी चहाला उठले की त्या असत, दुपारी असत, दिवे लागायच्या वेळी असत. मला वाटायचं, बाईला रस्त्याचं वेड आहे. मी चिडवायचेही, "निर्मलाबाई, बोळाचा पहारा महापालिकेनं दिलाय का तुम्हाला?" त्या म्हणत, "नाई व ताई, मले कोन देते नोकरी."

मग एकदा भाजी घेताना खाली भेटल्या तेव्हा मी त्यांचं कोपर जवळून पाहिलं. टोकावर चांगली लिंबाएवढी सूज, कातडी ताणलेली. म्हणाल्या, वात आहे. रात्री मोहरीच्या तेलानं चोळतात, एरंडाचं पान गरम करून बांधतात, तरी वाढतंच आहे. नितीनला मनातून भलतीच शंका आलेली. तो इंटरनेटवर वाचून घाबरला होता आणि आईला सांगत नव्हता. पल्लवीनं ते मला हळूच सांगितलं. दोघांनाही रजा मिळेना, म्हणून मी त्यांना आमच्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. या बाई पेशंटशी फार गोड बोलत नाहीत म्हणून माझ्या विश्वासाच्या. नितीनची शंका मी त्यांच्या कानावर आधीच घातली होती. त्यांनी कोपर हातात घेतलं, दाबलं, वाकवून पाहिलं आणि विचारलं, "हे कशावर टेकता?"

"कुठीच नाई," निर्मलाबाई म्हणाल्या.

"कठड्यावर. दिवसभर," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं, आणि ते मला इतकं पटलं की अजून लक्षात आहे. कोपराच्या हाडाचं टोक आणि वरची कातडी यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला. आत थोडंसं बुळबुळीत पाणी, हाडावर कातडी घासू नये म्हणून. अशा पिशव्या खांद्यात, खुब्यात, गुडघ्यावरही असतात. एकाच जागी रोज दाब पडला की पिशवी चिडते, जास्तीचं पाणी धरते, फुगते. हा बर्सायटिस. "वात नाही, आणि मुलाला वाटतंय तसलं काही तर अजिबात नाही. तेलानं चोळणं बंद करा, चिडलेल्याला आणखी कशाला चिडवता? फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. हात अगदी बांधून ठेवू नका, हलवत राहा. लाल झालं, गरम लागलं, ताप आला तर त्याच दिवशी इथे या, मग आत जंतू गेलेत असं समजायचं. सुईनं पाणी काढता येतं, पण तुम्ही टेकणं सोडलं नाहीत तर पुन्हा भरेल. कठड्याला द्यायला माझ्याकडे औषध नाही. कोपर उचला, एवढंच."

निर्मलाबाईंनी जे सांगितलं ते तसंच घेतलं. नितीननं खुर्ची आत, टीव्हीसमोर मांडली आणि त्या गॅलरीत येईनाशा झाल्या. ते दिवस मला फार जड गेले, हे इथे लिहून टाकते, कारण तेव्हा कोणाला बोलले नाही. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचे आणि समोर नुसती कढीपत्त्याची कुंडी. बोलायला लागले तर आवाज घोगरा यायचा, दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडलेलं असायचं. आई गेली तेव्हा माझं घर रिकामं झालं होतं, त्याला मी सरावले होते. समोरचंही घर रिकामं होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. अशी माझी गत, आणि एका सकाळी पाहते तर निर्मलाबाई पुन्हा त्याच कोपऱ्यात, पाइपाला चिकटून. उजवा हात पदरात व्यवस्थित जपलेला आणि डावं कोपर कठड्यावर.

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"त्या उजव्याचं सांगत होत्या," त्या म्हणाल्या.

अर्थात डावंही सुजलं. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही हात झाले. आता काय, हनुवटी?" मी हसले. निर्मलाबाईंनी खरोखर हनुवटी चाचपून पाहिली. शेवटी पल्लवीनं जुन्या गोधडीचे तुकडे शिवून मध्ये भोक ठेवलेली गोल गादी केली, म्हणजे कोपराच्या टोकावर भार येणार नाही, आणि ती कठड्याला बांधली. सूज हळूहळू उतरली. गादी बांधली तेव्हा मीच म्हटलं होतं, मध्यभागी बांध, तिथे कठडा रुंद आहे, समोर सगळा रस्ता दिसतो, बाईंना करमेल. पण निर्मलाबाईंनी ती सोडवून पुन्हा त्या अडचणीच्या कोपऱ्यात बांधून घेतली. "इथंच बरं वाटते," म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट, म्हणून मी सोडून दिलं. मी स्वतः त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान.

एकदा मला रात्रभर ताप होता आणि पहाटे डोळा लागला. जाग आली ती दार वाजल्यानं. दारात निर्मलाबाई, दोन जिने उतरून आणि दोन जिने चढून, धापा टाकत. "कढीपत्ता हाये का, ताई?" मी तापलेली होते, तोंडातून गेलंच, "तुमच्या गॅलरीत झाड आहे की." त्या म्हणाल्या, "हाव की." मग माझ्या कपाळाला हात लावला, आत येऊन गॅस पेटवला आणि मऊ भात टाकला. त्या झाडाचं पुढे काही बोलणं झालं नाही.

ती सगळी दारव्ह्याहून परतली तेव्हा मी भेटायला गेले. त्या घरात मी याआधी फार तर एकदा गेले असेन. पल्लवीनं पाणी दिलं आणि ती म्हणाली, "गॅलरीत या ना." गोल गादी अजून बांधलेली होती. मी त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिथून रस्ता दिसत नव्हता. पाइप आडवा येतो. अंग तिरपं केल्याशिवाय माझ्या गॅलरीपलीकडचं काहीच दिसत नाही, आणि तिरपं केलं की कोपर कठड्यावर रोवावंच लागतं, नाहीतर तोल जातो. तसं केल्यावर वरच्या छज्ज्याच्या आणि पाइपाच्या फटीतून आणखी एकच गोष्ट दिसते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी, आत गॅसचा ओटा, वर ट्यूबलाइट.

"आई इथूनच बघायच्या," पल्लवी म्हणाली. "तुमचा दिवा लागला की आत येऊन सांगायच्या, ताई उठली, आता टाक चहा. त्याआधी आम्हाला चहा नसायचा."

मग मला आठवलं. ओळख नवीन असताना त्यांनी विचारलं होतं, "एकल्या राह्यता, भेव नाई वाटत?" आणि मी माझ्या नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं होतं, "भ्यायचं काय त्यात? मेले तर चार दिवसांनी वासावरून कळेलच कोणाला तरी." आमच्याकडे यावर समोरचा हसतो, किंवा याहून वाईट काहीतरी बोलतो. निर्मलाबाई हसल्या नव्हत्या. सरळ आत निघून गेल्या होत्या. मला वाटलं, यांना राग आला. राग कसला... त्यांनी माझं बोलणं जसं होतं तसं घेतलं होतं.

पल्लवी कठड्याकडे बघत म्हणाली, "गावाला निघताना मला सांगून गेल्या होत्या, रोज उठल्यावर आधी समोर बघायचं. मी दोन दिवस बघितलं. मग क्लासच्या गडबडीत विसरले. सॉरी, ताई."

"असू दे गं," मी म्हटलं, "मी कुठे मेले." ती रडायला लागली. मला तिला जवळ घेता आलं असतं, पण तशी सवय नाही. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि निघाले.

मला कोणी नाही, हे मी आजवर सगळ्यांना ताठ मानेनं सांगत आले. त्यातली कितीतरी वर्षं ते खोटं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. समोर एक बाई दुखऱ्या कोपरावर भार देऊन माझ्या दिव्याची वाट बघत होती. आता मात्र ते खरं आहे. एकटं राहणं मला येतं, त्यात मी चांगली तयार आहे. पण कोणीतरी वाट बघणारं गेल्यानंतरचं एकटेपण निराळं निघालं, ते अजून जमलेलं नाही.

पल्लवीला मी काही सांगितलेलं नाही. तिला तिचे व्याप आहेत. सकाळी उठते, ट्यूबलाइट लावते, आणि गॅस पेटवण्याआधी खिडकीचं दार सताड उघडून जरा पुढे होऊन उभी राहते, पाइपाच्या फटीतून नीट दिसेन अशी. पलीकडे कोणी नसतं. "उठले हो," एवढं म्हणते आणि चहा टाकते.