कोऱ्या चिठ्ठ्या

आमच्या साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात उमादेवी माझ्या शेजारच्या टेबलाला बसते. लोहाऱ्याकडची. घरात कानडी, आणि चिडली की ऑफिसातही कानडी. स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात ठेवायची दुसरी प्रत, ठेवल्याशिवाय तिच्या हातून कागद सुटत नाही. चहाची चिठ्ठीसुद्धा ही बाई दोनदा लिहील!

यंदा ऊसतोडीच्या चिठ्ठ्या एक्सेलमधून काढायचं तिनं अंगावर घेतलं. मॅक्रोचे, म्हणजे एक्सेलला द्यायच्या सूचनांचे, दोन भाग केले. पहिला भाग शेतकऱ्यांची नावं 'रांग' नावाच्या अ‍ॅरेत, म्हणजे ओळीनं मांडलेल्या कप्प्यांत, भरणार. दुसरा त्यातून चिठ्ठ्या छापणार. पहिला भाग बिनबोभाट चाले. दुसरा चालवला की चिठ्ठ्या कोऱ्या.

"आत्ता तर भरली होती की हो, काका. कुठं गेली?"

मला डोंबल कळतंय!

मोबाईलवर शोधून तिला एवढं सापडलं, की रांग पहिल्या भागाच्या आत जाहीर केली तर तो भाग संपताच तीही संपते. दोन्ही भागांना हवी असेल तर सगळ्यांच्या वर जाहीर करायची. तिनं रांग जाहीर करायची ओळ वर लिहिली. तरी चिठ्ठ्या कोऱ्याच. ती चक्रावली, मीही चक्रावलो.

उद्यापासून तोड सुरू. आमचे शेतकी अधिकारी अमरसिंह साहेब, त्यांचा धीर सुटला. "मॅडम, तुम्ही गेटवर जा. हे बाहेरचा माणूस करील. तुमच्या बदलीचा आदेश टाईप करून आणा."

स्वतःचाच आदेश! मला संताप आला. तिनं डोळे पुसत टाईप केला, अर्थातच दोन प्रतींत.

साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

"साहेब, सही स्थळप्रतीवर झाली. मूळ कोरीच ऱ्हायली," ती म्हणाली, आणि तिथंच थबकली. मग स्थळप्रत हातात घेऊनच कॉम्प्युटरकडं धावली.

"काय झालं गं?"

"मी ओळ वर लिहिली, पण पहिल्या भागातली खालची बी ठिवली, काका. एकाच नावाच्या दोन रांगा झाल्या. स्थळप्रत म्हणून! नावं सगळी खालच्या रांगंत भरतेत. दुसरा भाग वरची बघतो, ती कोरीच."

मला निम्मंच कळलं. तिनं खालची ओळ खोडली. प्रिंटर खडखडला, आणि पहिल्याच चिठ्ठीवर यादीतल्या पहिल्या शेतकऱ्याचं, हणमंतप्पांचं, नाव आलं.

साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "ते आदेशाचं राहू द्या," ते पुटपुटले.

स्थळप्रत फायलीला लावायला उमादेवी उठली, घुटमळली, आणि माझ्यादेखत तिनं ती फाडून टाकली.