टँकरची दवंडी

नगरपालिकेचा पगारी नोकर मी कधीच नव्हतो. मी रोजंदारीवरचा दवंडीवाला. हातात पितळी घंटा, गळ्यात पत्र्याचा कर्णा आणि बुडाखाली खडखडणारी सायकल. पूर्वी हे काम हलगीवाल्यांच्या माथी मारलेलं होतं. ती माणसं बौद्ध झाली आणि त्यांनी हलगी टाकून दिली. लई बरोबर केलं त्यांनी. मग गावाला दुसरा माणूस बघावा लागला. मला पोट होतं, आणि आवाज असा, की वेशीत बोललो तर बाजारातले व्यापारी दचकायचे.

गावाचं वरीस माझ्या तोंडावर चालायचं. मिरगाच्या आधी गटारी उपसा, पत्र्यावर दगड ठेवा. आडात पावडर टाकलीय, दोन दिस ते पाणी पिऊ नका. घरपट्टी भरा, न्हायतर जप्ती येईल. ही शेवटची दवंडी दिली की लोक माझ्याकडं असं बघायचे, जसं काय पट्टी माझ्याच घरात जाते. नऊ वर्षं असं ओरडून काढली, तेव्हा कुठं हेडक्लार्कनं सांगितलं, तुझी फाईल वर गेलीय, जूनमधी कायम होशील. त्या दिवशी बायकोनं ईद नसताना शिरखुर्मा केला.

त्याच उन्हाळ्यात गावाचे आड तळाला गेले. सलग दुसऱ्या साली पावसानं दगा दिला होता. साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, माझ्या हातात कागद दिला: सोमवारी आणि गुरुवारी खालच्या आळीत टँकर येणार. मी आळीभर ओरडलो. बायांनी पहाटेपासून घागरी लावल्या, जागेवर दगड ठेवले, दगडांवरून भांडल्या. टँकर आला न्हाय. गुरुवारीबी न्हाय. पुढच्या सोमवारी सकाळी पुन्हा कागद माझ्याच हातात, आज टँकर येणार.

दवंडीवाल्याला गल्लीत पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या खेपेला मी आळीत गेलो तर एकबी दार उघडेना. शेवटी एक म्हातारी उंबऱ्यात आली. वाटलं, आता शिव्या घालणार. तिनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "पी बाबा. खोटं बोलून बोलून घसा सुकला असंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या तसाच तिच्या हातात परत दिला. खोटं नगरपालिकेचं, पण जबान माझी होती ना.

मी घरी गेलो न्हाय. सायकल मारत गावाबाहेरच्या विहिरीवर गेलो. टँकर तिथंच भरायचा. तो भरला, निघाला, मी मागं. खालच्या आळीचं वळण आलं, गेलं. टँकर जाऊन थांबला सोसायटीच्या नव्या गोदामाच्या बांधकामावर. भिंतींवर मारायला पाणी पायजे म्हणून तिथं हौद बांधला होता, त्यात सगळा टँकर रिकामा झाला. आमचे नगराध्यक्ष तेच सोसायटीचे चेअरमन, एवढं सांगितलं म्हंजे बास. ड्रायव्हर मला म्हणाला, मला सांगतात तिथं मी गाडी नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-बिगद काय न्हाय, मी आपणहून घंटा वाजवली. ऐका हो ऐका, खालच्या आळीचा टँकर काल गोदामाच्या हौदात रिकामा झाला. मी या डोळ्यांनी बघितला. आळ्या-आळ्या फिरून मी हेच सांगितलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझी फाईल होती. ती त्यांनी मला दिसंल अशी उघडून ठेवली आणि विचारलं, ही दवंडी कुणी द्यायला सांगितली. मी म्हणालो, टँकर कुठं येतो ते गावाला सांगायचं काम माझंच की साहेब. ते चिडले न्हाईत, हेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले, आत्ता चौकात जा, सकाळचं चुकून बोललो म्हणून सांग, म्हंजे जूनमधी सही करतो.

मी चौकात गेलो. बायकोचं तोंड डोळ्यासमोर होतं. घंटा वाजवली. "ऐका हो ऐका. सकाळची दवंडी चुकीची हाय, असं साहेबांनी सांगायला लावलंय. गोदाम काय लांब न्हाय. ज्याला खरं-खोटं करायचं असंल, त्यानं जाऊन हौदात डोकावून यावं."

बाया नुसत्या डोकावल्या न्हाईत, घागरी घेऊनच गेल्या. हौद तळाला लागला. त्यानंतर टँकर आळीत यायला लागला, आणि माझी घंटा, कर्णा दोन्ही जमा झालं. फाईल कुठं गेली, ठाऊक न्हाय. बायको दोन दिस बोलली न्हाय. तिचं बरोबर होतं, शिरखुर्मा तिनं केला होता. मी आडतीवर पोती उचलायला लागलो.

पालिकेनं रिक्षावर भोंगा बांधला, नवा माणूस ठेवला. मिरगाचा थोडा पाऊस झाला आणि गढूळ पाण्यानं कॉलरा सुरू झाला. शाळेत सुया टोचतात म्हणून भोंगा गावभर ओरडला, पर काळं कुत्रं फिरकलं न्हाय. नगरपालिका बोलली म्हंजे खोटंच, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. खालच्या आळीत दोन माणसं दगावली.

साहेब स्वतः माझ्या दारात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला "तुम्ही" म्हणाले.

मी आधी शाळेत गेलो. सुया उकळताना बघितल्या. नर्सबाई वैतागल्या, तुम्हाला काय कळतंय त्यातलं म्हणाल्या. मी बाही वर करून म्हणालो, मग पहिली मलाच टोचा. आणि तसाच, बाही वर ठेवून, आळ्यांतून ओरडत फिरलो: टोचून घेतलंय मी, दंड बघा. दुपारपर्यंत रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

साहेब खूश झाले. म्हणाले, उद्यापासून या, कायमचं बघू. फक्त यापुढं आम्हाला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाय.

"मग कायमचं राहू द्या," मी म्हणालो. "बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार न्हाय."

त्यांनी मला परत रोजंदारीवरच घेतलं, घंटा-कर्णा परत दिला. आड अजून भरले नव्हते, म्हणून सकाळी टँकरचा कागद हातात पडला. तो खिशात घातला, विहिरीवर गेलो, ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसलो आणि पाणी आळीत पोचेपर्यंत खिडकीतनं कर्णा बाहेर काढून ओरडत राहिलो.