बर्फातली सुरमई

माणसाचं भविष्य त्याच्या रक्तात लिहिलेलं असतं. फक्त ते वाचून होईपर्यंत रक्त थंड ठेवावं लागतं.

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात, २००५च्या सुमारास, पुण्याहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी हे सांगितलं. समोर गरोदर बाया, हार आणि माईक. बाया हाताच्या अंतरावर होत्या, तरी माईक होता. शरीराला आतून गंज चढतो, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, त्याच्या खुणा रक्तात सापडल्या की कोणाचं बाळंतपण अवघड जाणार हे आधीच कळतं, असं ते म्हणाले. रक्त प्रयोगशाळेपर्यंत बर्फातच राहिलं पाहिजे, हेही पुन्हा पुन्हा बजावलं.

माझी धाकटी बहीण त्या बायांत होती. तिचं पहिलं मूल रक्तदाब चढून आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. भाषणातला गंज तेवढा तिने धरला. होडीचं इंजिन गंजलं की काय होतं, ते तिने पाहिलेलं. रक्त दिल्यावर हळूच म्हणाली, "माज्या आंगात गंज चडलो आसात काय रे, दादा?"

पुण्याहून कळेल, मी म्हटलं.

पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने स्वतः धरलेली अख्खी सुरमई जीपपाशी आणली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर प्रथमच जिव्हाळा दिसला. बर्फाची पेटी एकच होती. रक्ताच्या नळ्या बाहेर निघाल्या आणि मागच्या सीटवर हारांशेजारी गेल्या. सुरमईचं शेपूट मावेना, ते मुडपून झाकण लावलं.

मी बर्फाची आठवण करून दिली. भाषण लक्ष देऊन ऐकलेला, खुद्द वक्त्यांसकट सगळ्यांत, मी एकटाच ठरलो.

"एवढ्याने रक्ताला काही होत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "मासा नासतो."

बहीण पुण्याच्या फोनची वाट बघत राहिली. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, तरी "पुण्यासून कळांदे आधी" म्हणायची. चपला पायात जाईनात तेव्हा नवऱ्याने तिचं ऐकणं सोडलं, तिला मासळीच्या टेम्पोत बसवलं आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. रक्तदाब चढलेलाच होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजनाला कमी, आवाजाला नाही.

बारसं उरकल्यावर पुण्याचा फोन आला. नमुने खराब निघाल्यामुळे बहिणीच्या बाळंतपणाबद्दल काही भाकीत करता येत नव्हतं. सुरमई मात्र घरी पोचेपर्यंत अगदी ताजी होती, असं डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं.