लाकडी बैलाचा भाव

आप्पा माझ्या स्टुडिओत आले की पिशवीतली वस्तू आधी काउंटरवर पालथी ठेवायचे. वस्तूचं तोंड मी बघायच्या आत त्यांना तिचं बूड तपासायचं असे. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "विकायचं न्हाई, भाऊ. निस्ता भाव बघू."

घ्यायचं नसताना बाजारात भाव विचारत फिरणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. विकायचं नसताना भाव विचारणारे मी पाहिले ते आप्पाच.

निलंग्याला त्यांचं खेळण्यांचं दुकान होतं. बायको वारली, दुकान बंद पडलं आणि मुलानं त्यांना नांदेडला आपल्या घरी आणलं. सोबत न खपलेल्या मालाची पत्र्याची पेटी आली. ती पलंगाखाली मावेना, म्हणून दारामागं ठेवली, आणि तेव्हापासून त्या घराचं दार अर्धंच उघडू लागलं. सून जाडजूड नव्हती म्हणून निभावलं.

माझा धंदा पासपोर्ट फोटोचा. गिऱ्हाईक नसलं की मी आप्पांच्या मालाचे फोटो काढी आणि फोनवर जुन्या वस्तूंच्या शौकिनांचा एक ग्रुप होता, त्यावर टाकी. पहिला आला पत्र्याचा बेडूक, पोटाखालची पट्टी दाबली की टकटक वाजणारा. संध्याकाळपर्यंत कुणीतरी पाचशे म्हणालं. मी खुर्चीत सावरून बसलो. आप्पा म्हणाले, "अय्यो, एवढंच?" आणि बेडूक पिशवीत घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगत होते, "हजाराचा बेडूक हाय आपल्याकडं."

मग चावीवर ढोल बडवणारं माकड आलं, पत्र्याची मोटार आली, डोळे मिटणारी बाहुली आली. प्रत्येकाला भाव मिळाला आणि प्रत्येक जण पेटीत परत गेला. भाव कळला की आप्पांच्या लेखी व्यवहार पुरा व्हायचा. घेणाऱ्याचा फोन आला तर ते मलाच बोलायला लावत. "सांगा, मालक इचार करायलेत."

ही सवय हळूहळू माझ्या दुकानात पसरली. माझा बंद पडलेला कॅमेरा, भिंतीवरचं घड्याळ, आरशाची चौकट, सगळ्यांचा भाव निघाला. एकदा माझे वडील सहज येऊन बसले होते, तर आप्पांनी त्यांचं मनगट धरून घड्याळ पालथं केलं. "हे ठेवा जपून. लई भाव हाय ह्याला." वडील आठवडाभर सदऱ्याची ती एकच बाही वर करून हिंडत होते. मी वैतागायचो, पण आप्पा आले नाहीत त्या दिवशी दुकान रिकामं वाटायचं, हेही खरं.

मग मुलाची पुण्याला बदली झाली. तिथलं घर याच्याहून लहान. मुलगा स्वभावानं गरीब, पण या वेळी त्यानं स्पष्ट सांगितलं, "आप्पा, तुम्ही चला. पेटी नाही."

मी ग्रुपमधल्या लातूरच्या एका शौकीन गृहस्थांना बोलावून घेतलं. त्यांनी बेडूक पाहिला, माकड पाहिलं, आणि मग पेटीच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. चाकांवरचा लाकडी बैल होता. वरून भडक गुलाबी ऑइलपेंट.

"तो मालातला न्हाई," आप्पा म्हणाले.

तो त्यांच्या बायकोच्या माहेरचा. माहेर इस्लापूरचं. तिकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो, पोरं असे बैल सजवून दारोदार ओढतात. निलंग्यात ही रीत कुणाला ठाऊक नव्हती. तरी मुलगा झाल्यावर माहेरून आलेला हा बैल ती दर पोळ्याला नव्यानं रंगवायची आणि मुलाला एकट्याला गल्लीत फिरवायला लावायची. मुलगा कॉलेजात गेला, त्याचं लग्न झालं, तरी रंगवणं थांबलं नाही.

लातूरवाल्यांनी बैल नखानं खरवडून पाहिला. "काम जुनं आहे, फार सुंदर आहे. पण या रंगांनी वाटोळं केलं. मूळ लाकडापर्यंत साफ करून द्या, सगळ्या पेटीला देतो तेवढे या एकट्याला देतो." त्यांनी आकडा सांगितला. आप्पांचं "अय्यो" आलं नाही. इतकी वर्षं जो आकडा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची ते वाट पाहत होते, तो समोर आला होता. आणि बैल पुण्याला न्यायला जागाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पा पॉलिशपेपर घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसले. घरी धूळ होते म्हणून सुनेनं पाठवलं होतं. त्यांनी वशिंडापासून सुरुवात केली. गुलाबी गेला, खालून हिरवा निघाला.

"हा गेटाचा रंग. उरला व्हता."

हिरव्याखाली निळा निघाला. "हा दुकानाच्या शटरचा निळा. नवा डबा कधी आणू द्यायची न्हाई. घरात उरंल त्यात बैल."

मी आत एका पोराचा फोटो काढत होतो. घासण्याचा आवाज थांबला. बराच वेळ तो पुन्हा येईना, तेव्हा मी बाहेर आलो. आप्पा बैलाच्या मागच्या पुठ्ठ्याकडं बघत होते. तिथं गुलाबी घासून निघाला होता, पण पूर्ण नाही. हिरव्यात बारीक गुलाबी रेषा राहिल्या होत्या, गोल गोल, एकात एक. अंगठ्याचा ठसा होता.

"सुकू द्यायची न्हाई कधी," आप्पा म्हणाले. "वल्ला असतानाच उचलायची. इथंच धरून. दर साली भांडण व्हायचं आमचं."

त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. त्यांचा मोठा होता. मी आत जाऊन उगाच पंखा चालू केला.

थोड्या वेळानं त्यांनी बैल काउंटरवर ठेवला. पालथा नाही, चाकांवर उभा. "फोटो काढा. लातूरला धाडा. हाय असा काय भाव, इचारा."

लातूरवाल्यांचा लगेच फोन आला. मी स्पीकर चालू केला. "अहो, हे काय करून ठेवलंत? अर्धा घासून सोडला? आता ना धड रंगाचा राहिला, ना लाकडाचा. पूर्ण घासा, नाहीतर काही उपयोग नाही."

"न्हाई घासला तर किती?" आप्पांनी फोनवर वाकून विचारलं.

"असा? काहीच नाही."

"पक्कं?"

"काहीच नाही हो!"

आप्पांचा चेहरा असा खुलला की बेडकाच्या वेळीही तसा खुलला नव्हता. त्यांनी बाकीची सगळी पेटी लातूरवाल्यांना घासाघीस न करता देऊन टाकली. मला विश्वासच बसेना. संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा त्याला म्हणाले, "त्या बैलाला कुणी काही देत न्हाई. आता आपल्यालाच न्यावा लागंल." मुलानं बैल हातात घेतला, रेषांवर त्याची नजर थांबली. पुण्याच्या गाडीत बैल आप्पांच्या मांडीवर होता.

आता माझ्या काउंटरवर वस्तू सरळ ठेवल्या जातात. मीच कधी कधी एखादी पालथी करून बघतो.

परवा पोळ्याला मुलाच्या फोनवरून एक फोटो आला. बैल नव्यानं रंगवलेला, पिवळाधमक. पुठ्ठ्यावर मात्र रुपयाएवढी जागा तशीच सोडलेली, ब्रश तिच्याभोवतीनं जपून फिरवलेला. मी लगेच फोन लावला.

"आप्पा, फोटो मस्त आलाय. टाकू का ग्रुपवर? निस्ता भाव बघू."

"काढलाय की मागंच," आप्पा म्हणाले. "काहीच न्हाई."