अंधारीतला ससा आणि मी

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना वाटेत घाट लागत नाही. ही खात्री मी निमंत्रण स्वीकारण्याआधीच चार जणांना विचारून करून घेतली होती. मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहितो, आणि त्या सगळ्या धाडसाच्या असतात. माझ्या पुस्तकांत ससे गुहा ओलांडतात, खारी पुरातून पोहून जातात, हत्तीची पिल्ले कडाडणाऱ्या विजेला हसतात. मी स्वतः मात्र वीज कडाडली की टीव्हीची पिन काढायच्या निमित्ताने घरात शिरतो आणि बराच वेळ ती पिनच काढत बसतो.

निमंत्रण दौलताबादच्या एका शाळेचे होते. तिथल्या काळे बाई चौथीला शिकवतात. माझे सशाचे पुस्तक त्यांच्या वर्गाने वाचले होते. ‘सकाळी गोष्ट सांगा, मग मुलांबरोबर किल्ला बघा,’ असे बाईंनी फोनवर सांगितले. किल्ल्यात ‘अंधारी’ (डोंगराच्या पोटातून वर जाणारी काळोखी वाट) आहे, हे मला माहीत होते. पण बाई पुढे म्हणाल्या, “तुम्हाला काय सर, तुम्ही तर शूरांचे लेखक!” एवढे ऐकल्यावर नाही म्हणायला जे धैर्य लागते, ते माझ्याकडे नव्हते.

बस दुपारी पोचली. थंडीचे दिवस असूनही ऊन चांगलेच चटकत होते. संध्याकाळी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात गेलो. कापडाची दुकाने, बांगड्या, रस्त्याच्या मधोमध निवांत उभी राहिलेली माणसे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढणाऱ्या दुचाक्या. मला हवी होती टॉर्च. दुकानदार माझ्यापेक्षा वयाने मोठे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. मी म्हटले, “सगळ्यात जास्त उजेडाची द्या.”

“खेतात जानेका है क्या? रानडुकरं हाकायला?”

“नाही, उद्या किल्ल्यावर जायचंय. अंधारीत.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “उसको इत्ती बडी नक्को साहब. गाईड रहता ना उधर. उगाच कामून खर्च करता?”

मी सगळ्यात मोठी घेतली. रात्री नान-खलिया (मसालेदार मटणाचा रस्सा आणि भट्टीतली जाड नान) खाल्ले. ते इतके फर्मास होते की उद्या काही बरेवाईट झालेच तर निदान जेवण तरी झाले, असा विचार मनात आला आणि मी अजून एक नान मागवली.

सकाळी दौलताबाद. रस्त्याच्या कडेला पेरूचे ढीग, त्यामागे तो किल्ल्याचा डोंगर. खालून बघितला की कोणीतरी त्याच्या बाजू कुऱ्हाडीने सरळ तासून ठेवल्यासारख्या वाटतात. मी मान खाली घालून शाळेत शिरलो.

मुले ओळीने बसली होती. मी पुस्तक उघडले आणि आवाज चढवत, उतरवत वाचू लागलो. पुण्यात या वाचनाला मुले टाळ्या वाजवतात. इथे मात्र चिडीचूप. दोन पाने झाली, तरी एकही चेहरा हलेना. मला वाटले, तल्लीन झाली आहेत. चौथ्या पानावर वाटले, झोपली आहेत. पाचव्या पानावर माझाच आवाज मला परका वाटू लागला आणि मी थांबलो.

काळे बाई हळूच म्हणाल्या, “सर, हुंकार कुणाला द्यायला सांगितलं नाही तुम्ही.”

“हुंकार?”

पहिल्या ओळीतली दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. “गोष्टीला हं म्हणाया लागतं, सर. तुमी सांगणार, एक जण हं म्हणणार. हं नसलं तर गोष्ट वाट चुकती.”

एवढा वेळ ही पोरे मी कोणाला तरी नेमीन म्हणून वाट पाहत होती. पाहुण्याच्या गोष्टीत न विचारता हं म्हणणे त्यांना आगाऊपणा वाटला होता. आणि मी मनातल्या मनात त्यांना मठ्ठ ठरवून मोकळा झालो होतो. मी त्याच मुलीला हुंकाराला नेमले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिचे नाव प्रज्ञा. ती प्रत्येक वाक्याला हं म्हणायची. खरे वाटले की छोटा, शंका आली की लांबलचक, शेवट वर उचललेला हं. त्या लांब हुंकारांनी मला चांगलाच घाम फोडला.

मधल्या सुट्टीत पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून फिरल्या. मी खात असताना प्रज्ञा पुस्तक घेऊन आली.

“सर, एक इचारू? इथं लिवलंय, ‘मग सशाने धीर धरला आणि तो गुहेच्या पलीकडे गेला.’ धीर धरला म्हंजी काय केलं त्यानं?”

“म्हणजे... तो घाबरला नाही.”

“पण आधी तर लई भेला व्हता.”

“हो.”

“मग भ्या जायला त्यानं काय केलं?”

मी पान पाहिले. डाव्या पानावर गुहेच्या तोंडाशी डोळे मोठे केलेला ससा. उजव्या पानावर पलीकडे, फुलांत, हसणारा ससा. गुहेचे चित्रच नव्हते. अख्खे पान काळे छापायला शाई फार जाते, असे प्रकाशक म्हणाले होते आणि मला ते एकदम पटले होते. कारण गुहेत काय झाले हे मलाही माहीत नव्हते.

“तुला कशाला हवंय ते?” मी विचारले.

तिने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. तिचे वडील मिलिंदभाऊ किल्ल्यावर गाईड आहेत. गेल्या साली शाळेची सहल गेली, तेव्हा ते दुसऱ्या पर्यटकांबरोबर वर होते. सगळी पोरे अंधारीतून गेली. प्रज्ञा तोंडापर्यंत गेली, आणि तिचे पायच उचलेनात. ती गुपचूप बाहेरच्या पायऱ्यांच्या वाटेने वर आली. घरी सांगितले की आतून आले. झाले! मिलिंदभाऊ तेव्हापासून प्रत्येक पर्यटकाला सांगतात, ‘माझी एवढीशी पोर टॉर्चबिगर अंधारी पार करती, तुमी मोठी माणसं कामून भिता?’

“आन् आज आमच्या वर्गाला बाबाच नेणार हायेत,” ती म्हणाली. “आज बाहेरून जाता यायचं नाय. बाबाला समजलं तर...”

ही पोर मार खायला भीत नव्हती. बाबा जे मान वर करून सांगतो ते खोटे निघेल, याला भीत होती. मला फार वाईट वाटले तिचे. आणि वाईट वाटले की माणूस बोलून बसतो. मी म्हणालो, “घाबरू नकोस. मी आहे ना तुझ्याबरोबर!”

हे कोणी बोलावे, तर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपणाऱ्या माणसाने.

मिलिंदभाऊ किल्ल्याच्या दाराशीच भेटले. सडपातळ, हसतमुख, गळ्यात मफलर. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “सर, तुमचं सशाचं पुस्तक पोरीनं मला वाचून दाखवलंय. लई भारी.” मग मनोरा, मोठा हौद, तोफ, खंदक असे करत आम्ही वर निघालो. मला त्यांतले फारसे काही आठवत नाही. मी पूर्ण वेळ पिशवीतल्या टॉर्चवर हात ठेवून चाललो होतो.

खंदकावरचा पूल ओलांडून थोडे वर गेले की अंधारीचे तोंड येते. आतून गारवा आणि वटवाघळांचा उग्र वास आला. मी टॉर्च बाहेर काढली.

“ती नका लावू सर,” मिलिंदभाऊ म्हणाले. “लई उजेड हाय तिला. वटवाघळं उठत्यात.”

माझी गुलमंडीची सगळी गुंतवणूक पुन्हा पिशवीत गेली.

आत शिरलो. पायऱ्या उंचसखल, भिंत ओलसर, वाट वळत वळत चढणारी. प्रज्ञाने माझी दोन बोटे धरली होती. तिचा हात थंडगार होता. माझा घामाने ओला असावा, कारण तिने आपला हात एकदा पुसून पुन्हा बोटे धरली. पुढे मिलिंदभाऊंचा बारीक उजेड आणि त्यांचा रोजच्या सवयीचा खडा आवाज: “इथून शत्रू यायचा. त्याला वाटायचं, वाट सापडली. आन् मग हे असं व्हायचं.”

त्यांनी उजेड विझवला.

हे ते रोज करतात, हे मला नंतर कळले. तेव्हा फक्त एवढेच कळले की माझ्या कानावरून काहीतरी फडफडत गेले आणि कोणीतरी “आई गं!” म्हणून किंचाळले. किंकाळी चांगली बारीक, टिपेची होती. दगडांत ती दोन-तीनदा फिरली. पोरे खो-खो हसली. ती किंकाळी माझी होती.

“कोण भेलं रे?” मिलिंदभाऊ हसत म्हणाले. “कोन्ती पोर हाय?”

धाडसाच्या गोष्टी लिहिणारा लेखक अंधाराचा फायदा घेऊन गप्प उभा राहिला. तेवढ्यात माझ्या बोटांपाशी आवाज आला, “मी, बाबा.”

हसणे एकदम थांबले. ज्या एका गोष्टीला ती वर्षभर जपत होती, ती तिने माझ्यासाठी सगळ्या वर्गासमोर देऊन टाकली होती. मला इतकी लाज वाटली की भीतीला जागाच उरली नाही.

“नाही हो,” मी म्हणालो. “मी ओरडलो. मला अंधाराची भीती वाटते. लहानपणापासून.”

कोणीच हसले नाही. मग प्रज्ञा म्हणाली, “मला बी वाटती. बाबा, गेल्या साली मी आतून नव्हते आले. बाहेरून आले व्हते.”

मी वाट पाहत होतो की आता उजेड लागेल आणि बापलेकीला एकमेकांची तोंडे बघावी लागतील. मिलिंदभाऊंनी उजेड लावला नाही. ते अंधारातच म्हणाले, “वर्सभर मला सांगितलं नाय ते?”

“तुमी सगळ्यायला सांगत व्हता ना. मला कसं सांगता यील?”

मग त्यांचा आवाज आला, पण तो पर्यटकांसाठीचा नव्हता. “बरं. आता तर आत हायेस ना? लावू का लाइट?”

“नाय,” ती म्हणाली. “सर गोष्ट सांगत्याल. आमी हं म्हणतो. हं आला की समजल, कोण कुठं हाय.”

मी म्हणालो, “ससा गुहेत गेला.”

“हं,” वर्ग म्हणाला. तो हं पुढून, मागून, बाजूने आला, आणि अंधार किती रुंद आहे, त्यात कोण कुठे उभे आहे, हे मला पहिल्यांदाच कळले.

“त्याला काहीच दिसेना.”

“हं.”

“त्याचे पाय लटपटू लागले.”

“हं.”

“तो मोठ्याने म्हणाला, मला भीती वाटतेय.”

“हं!” हा सगळ्यात मोठा होता. त्यात काळे बाईंचाही आवाज होता.

“मग त्याने एक पाऊल टाकले.”

आम्ही सगळ्यांनी टाकले. मग सशाने अजून एक टाकले. मग अजून एक. माझ्याकडे पुढे कथानक म्हणून काही नव्हतेच. मागून एक पोर वैतागून म्हणाले, “सर, कोल्हा तरी आणा की मधी!” कोल्हा आणला. तोही भित्रा निघाला. मग ससा आणि कोल्हा दोघे पाऊल टाकू लागले, आणि वळणानंतर समोर पांढरा उजेड दिसला.

बाहेर आल्यावर मिलिंदभाऊंनी लेकीकडे पाहिले. तिनेही मान वर केली. मफलरने त्यांनी तिच्या केसांतले जळमट काढले, वेणीची सुटलेली रिबीन बांधून दिली. ती नीट बांधली गेली नाही. तिने ती तशीच राहू दिली.

परतताना मी पोरांबरोबर बाहेरच्या पायऱ्यांनी उतरलो. एका दिवसाला तेवढे धैर्य पुरे होते. खाली अंधारीच्या तोंडाशी, आमच्या आधीच उतरलेल्या मिलिंदभाऊंपुढे नवे पर्यटक उभे होते. एक गृहस्थ आत जायला का-कू करत होते. मिलिंदभाऊ त्यांना सांगत होते, “भ्या वाटतंय? वाटू द्या की. माझी पोर गेल्या साली हितूनच माघारी फिरली. आज आतून आली. तुमी आज बाहेरून जा, पुढल्या साली या.” प्रज्ञा माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा लालेलाल झाला होता, पण ती तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यात घरी पोचलो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बायकोने चहा ठेवला आणि विचारले, “कसं झालं?” एरवी मी ‘छान झालं’ म्हणतो आणि टाळ्या किती पडल्या ते सांगतो. या वेळी सगळे सांगितले. किंकाळीसुद्धा, तिच्या मूळ पट्टीत. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसता पुसता एकदम गंभीर झाली.

“एक सांगू?” ती म्हणाली. “मला लिफ्टची भीती वाटते.”

“तुला? अगं, तू तर व्यायाम म्हणून जिन्याने येतेस!”

“व्यायाम कसला डोंबलाचा. दार बंद झालं की श्वास कोंडतो माझा.”

या इमारतीत येऊन आम्हाला बरीच वर्षे झाली. तिच्या व्यायामाचे कौतुक मी चारचौघांत करत आलो होतो, आणि ते करून झाले की स्वतः लिफ्टने वर येत होतो. मी फक्त विचारले, “खूप वाटते?” ती म्हणाली, “खूप.” मग बराच वेळ तीच बोलत होती. चहा निवून गेला.

सकाळी भाजी आणायला निघालो, तर लिफ्ट आमच्याच मजल्यावर दार उघडून उभी होती. बायकोने माझ्याकडे पाहिले. मी पिशव्या उचलल्या, आणि आम्ही दोघे जिन्याने गप्पा मारत खाली उतरलो.