पझेशन म्हणजे ताबा

अकोल्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली एक अर्जनवीस बसतो. मी आत कारकून आहे; त्याचे अर्ज माझ्याच हातून गोऱ्या साहेबांपुढे जातात. अर्जात 'शन'वर संपणारे भारदस्त इंग्रजी शब्द हवेतच, असा गिऱ्हाइकांचा हट्ट असतो. तो ते घालतो. पण प्रत्येकाचा अर्थ म्हणवून घेतल्याशिवाय अंगठा घेत नाही.

काल मी त्याच्यापाशी उभा असताना एक माळीण आली. बाजारातली तिची बसायची जागा जाणार होती.

"पझेशन म्हंजे?" त्याने विचारलं.

"ताबा. दादा, कम्पेन्सेशन बी टाका. शेजारनीच्या अर्जात हाय."

त्याने टाक खाली ठेवला. "म्हंजे जागा घ्या, मोबदला द्या. जागा सोडून राहिली का तू?"

"मेली तरी नाई!"

"मंग कायले पायजे थो शब्द?"

ती गेल्यावर मी ओशाळून म्हणालो, "साहेब अर्ज वाचत नाहीत हो. मीही सारांशच सांगतो."

"नाई तं नाई, बाबूजी. आपन काय मांगतलं, थे तिले तं मालूम पायजे."

आत जाऊन मी तिचा अर्ज पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागलो. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी थांबलो नाही.